‘पॉज आलाच नाही’: ऑटिस्टिक तरुण मुलांना सामाजिक कौशल्यं शिकवताना

गप्पांच्या घोळक्यात कसं शिरायचं, याच्या सगळ्या पायऱ्या त्या मुलाला तोंडपाठ होत्या. वय सतरा. फळ्यावर लिहिताना माझ्याकडून एक पायरी राहिली, तर त्याने लगेच हात वर केला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहिलं, तर तो भिंतीला टेकून उभा. चार पावलांवर त्याच्याच वर्गातली मुलं गप्पा मारत होती आणि हा अख्खी सुट्टी नुसता बघत होता. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, “तुम्ही सांगितलं होतं, बोलणं थांबलं की आपण बोलायचं. मी वाट पाहिली. पॉज आलाच नाही.”

चूक माझी होती. खोलीत सराव करताना त्याला बोलायला जागा मिळावी म्हणून आम्ही मुद्दाम दोन-तीन सेकंद थांबायचो. खऱ्या गप्पांत असं कोण थांबतं? २००९ साली मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी १० भाषांमधली रोजची संभाषणं तपासली होती. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर सरासरी साधारण २०० मिलिसेकंद निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून लोक आधीच तयार असतात. शांततेची वाट पाहणारा पाहतच राहतो.

या कामातली खरी अडचण इथेच आहे. नियम कळतो आणि खोलीतच राहतो. २०१७ मध्ये ऑटिस्टिक मुलांना गटात सामाजिक कौशल्यं शिकवणाऱ्या वर्गांच्या १९ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मुलांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांत जी सुधारणा दिसली, ती ‘काय करायचं ते मला कळलं’ एवढीच होती. ‘मी तसं वागतो’ असं मात्र त्यांच्या उत्तरांत दिसलं नाही. तुम्ही पालक असा, शिक्षक असा किंवा मोठी बहीण, पहिल्या दिवसापासून एक प्रश्न मनात ठेवा: हे खोलीबाहेर कसं जाणार?

शब्दाबद्दल एक सांगतो. मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रुळला आहे, पण तो ऐकला की स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यांतल्या बऱ्याच जणांना इतरांची पर्वा जरा जास्तच होती. म्हणून मी ‘ऑटिस्टिक’ म्हणतो.

आधी काही गोष्टी सोडून द्या

पहिली गोष्ट डोळ्यांत डोळे घालून बोलण्याची. ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रह जवळपास प्रत्येक नवा शिकवणारा धरतो. अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात, की डोळ्यांकडे बघितलं की ऐकणं अवघड होतं आणि ऐकायचं असेल तर नजर दुसरीकडे लागते. तुम्हाला त्याने ऐकायला हवं असेल, तर त्याला खिडकीकडे बघू द्या. ‘मी ऐकतोय’ हे समोरच्याला कळवायचे इतर मार्ग आहेत. अधूनमधून ‘हं’ म्हणता येतं, खांदे त्या दिशेला वळवता येतात, किंवा सरळ सांगता येतं: “मी खाली बघतोय, पण ऐकतोय.” हे वाक्य शिकायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट हात हलवणं, डोलणं, बोटांत काहीतरी फिरवत राहणं. त्याने कुणाला इजा होत नसेल तर तो तुमचा विषयच नाही. शरीर शांत ठेवण्याची ती त्याची पद्धत आहे आणि ती हिरावून घेतली की शिकायला डोकं उरत नाही.

हे एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे मुखवटा. ‘नॉर्मल’ दिसण्यासाठी स्वतःच्या खुणा झाकत राहणं, यावर २०१७ पासून बराच अभ्यास झाला आहे. मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं त्यात वारंवार थकव्याबद्दल आणि आपण कोण हेच कळेनासं होण्याबद्दल बोलतात. तुमच्या वर्गातून बाहेर पडणारं मूल जास्त चांगला अभिनय करत असेल, तर वर्ग चुकतोय.

आणि अडचण एकाच बाजूची नसते. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकांनी २०१२ मध्ये हे नेमकं मांडलं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही, दोन्हीकडून अंदाज चुकतो. २०२० मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोहोचली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. तपशील जास्त गळाले ते मिश्र साखळीत. त्यामुळे मी मुलांना सांगतो, की आपण इथे परक्या भाषेतली कामापुरती वाक्यं शिकतोय. तुझी भाषा चुकीची म्हणून नव्हे, समोरच्याला ती येत नाही म्हणून.

पायरी १: त्याला काय हवंय?

आईला वाटतं, मुलीला मैत्रिणी हव्यात. शिक्षकांना वाटतं, गटकार्य जमायला हवं. एका मुलीला मी विचारलं तर तिने कागदावर लिहिलं: “समोरचा बोलत सुटला की त्याला थांबवायचं कसं?” सहा आठवडे आम्ही तेवढंच केलं, आणि तिच्यासोबतचे ते सर्वांत फलदायी आठवडे होते.

‘तुला काय शिकायचंय?’ या मोकळ्या प्रश्नाला बहुतेकदा ‘माहीत नाही’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा गेल्या आठवड्यातले पाच-सहा प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहा आणि ‘सोपं’, ‘त्रासाचं’, ‘मला फरक पडत नाही’ अशा तीन ढिगांत लावायला सांगा. बोलून उत्तर देणं जड जात असेल तर टाइप करू द्या. बोलण्याऐवजी चित्रांचं किंवा आवाज देणारं ॲप वापरणाऱ्या मुलांना ते ॲप इथेही हातात हवंच, आणि त्यात ‘नको’, ‘थांब’, ‘मला हे आवडत नाही’ ही बटणं आहेत ना, ते आधी तपासा. कितीतरी ॲपांमध्ये मागण्याचे शब्द भरलेले असतात, नकाराचे नसतात.

मग आठवडाभर नुसतं बघा. जे कौशल्याचं अपयश वाटतं, ते पुष्कळदा गोंगाटाचं, भगभगीत दिव्याचं किंवा थकव्याचं असतं. सकाळी बरा बोलणारा मुलगा दुपारी गप्प होत असेल, तर त्याला ‘संभाषण कसं करावं’ शिकवू नका, दुपारी कानाला हेडफोन द्या.

पायरी २: एकच कौशल्य, पण बारीक तुकड्यांत

‘मित्र कर’ ही सूचना नाही. ‘मिसळ जरा’ ही तर मुळीच नाही. लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगेसन यांनी किशोरवयीनांसाठी ‘पीअर्स’ नावाचा कार्यक्रम उभा केला. त्याचं बलस्थान हेच, की सामाजिक दिसणारी माणसं नकळत जे करतात, ते सुटं करून पायऱ्यांत लिहून दिलेलं आहे. घोळक्यात शिरण्याचं उदाहरण घ्या. त्यांच्या पायऱ्यांत आम्ही आमच्या ठेचांची भर घातली आहे.

आधी लांबून ऐकायचं, हातात फोन किंवा पुस्तक असलं तर टक लावून बघतोय असं वाटत नाही. विषय काय ते ओळखायचं. त्या विषयातलं आपल्याला काही माहीत आहे का? नसेल तर हा घोळका आज आपला नाही, आणि त्यात काही बिघडलं नाही. असेल तर दोन हातांच्या अंतरावर जायचं. मग जागा शोधायची, आणि इथे ‘पॉज’ हा शब्द आम्ही कायमचा खोडला. त्याऐवजी खुणा लिहिल्या: हशा ओसरतोय, बोलणाऱ्याचा आवाज खाली उतरतोय, कुणी पाणी प्यायला थांबलंय, कुणी ‘हो ना’ म्हणून विषय संपवतोय. तेवढ्यात विषयाला धरून एक छोटं वाक्य. नवा विषय काढायचा नाही, आपला आवडता विषय तर नाहीच. मग बघायचं: कुणी उत्तर दिलं का, खांदे आपल्याकडे वळले का, घोळका जरा सरकून उघडला का.

आणि शेवटची पायरी, जी नवे लोक हमखास विसरतात, ती म्हणजे निघायचं कसं. कुणी दाद दिली नाही तर काही सेकंद थांबायचं, नजर दुसरीकडे वळवायची, आणि हळूच चालू लागायचं. घोळक्यात जागा न मिळणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, बाकीचे ते विसरतात इतकंच. निघायची वाट माहीत असली की शिरायची भीती अर्ध्यावर येते.

पायरी ३: कारण सांगा, चुकून दाखवा, मग करू द्या

नियमामागचं कारण सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘सलग दहा मेसेज पाठवू नकोस’ हा नियम मनमानी वाटतो. ‘दहा मेसेज पाहिले की समोरच्याला वाटतं, आत्ताच्या आत्ता उत्तर द्यायलाच हवं, आणि त्याचं दडपण येतं’ हे पटतं. मग तो मुलगा स्वतःच विचारतो, “मग किती?” आम्ही दोन ठरवले. हा काही वैश्विक आकडा नाही, सुरुवातीला हातात काहीतरी हवं म्हणून.

यानंतर चुकीचं करून दाखवा, आणि ते तुम्हीच दाखवा. मी घोळक्यात घुसून मोठ्याने आगगाड्यांबद्दल बोलायला लागलो की मुलं हसतात. त्यांच्या चुकीवर हसण्यापेक्षा हे बरं. दाखवून झालं की ‘पीअर्स’मधले तीन प्रश्न विचारा: त्या लोकांना कसं वाटलं असेल? माझ्याबद्दल काय वाटलं असेल? पुन्हा माझ्याशी बोलावंसं वाटेल का? मग बरोबर करून दाखवा, आणि तेच प्रश्न पुन्हा.

ज्यांना बोलण्यापेक्षा चित्रातून लवकर कळतं, त्यांच्यासोबत रेघांच्या हातापायांची साधी माणसं काढा. तोंडाजवळच्या फुग्यात बोललेलं, डोक्यावरच्या ढगात मनातलं. झालेला प्रसंग असा काढला की भांडण नेमकं कुठे सुरू झालं ते कागदावर दिसतं. ‘डोकं खाऊ नकोस’ या वाक्याच्या ढगात काय लिहायचं, यावर आम्ही एकदा अर्धा तास घालवला आहे.

ही चित्रपद्धत कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेची. त्यांनीच १९९१ च्या सुमारास ‘सामाजिक गोष्टी’ लिहायला सुरुवात केली होती. त्यांचा आग्रह असा, की गोष्टीत हुकूम कमी आणि माहिती जास्त हवी. मावशी ‘येते हं’ म्हणून गेली आणि एक मुलगी तासभर दाराशी वाट बघत बसली, तेव्हा तिच्यासाठी लिहिलेली गोष्ट अशी:

“लोक निघताना ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणतात. याचा अर्थ ते थोड्या वेळात परत येणार असा नसतो. ‘मी आता जातेय, पुन्हा कधीतरी भेटू’ असा असतो. खूप लोक असं बोलतात. ते गेले की मी माझं काम सुरू करू शकते. कधी परत येणार हे मला जाणून घ्यायचं असेल, तर मी विचारू शकते.”

सहा ओळी. यात ‘मी असं करायलाच हवं’ कुठेही नाही. तुम्ही लिहाल तेव्हा ‘करायला हवं’ आणि ‘करू नये’ मोजा. जास्त झाले तर ती गोष्ट नाही, ताकीद आहे.

पायरी ४: फोन, पडदा आणि यंत्रं

महागडं काही घेण्याआधी हातातला फोन वापरा. व्हिडिओ दाखवून शिकवणं ही जुनी आणि चांगली तपासलेली पद्धत आहे. २००० सालच्या एका छोट्या अभ्यासात तर प्रत्यक्ष करून दाखवण्यापेक्षा व्हिडिओ पाहून मुलं लवकर शिकली होती. व्हिडिओ दर वेळी तंतोतंत तसाच असतो, थांबवता येतो, आणि पाहणाऱ्याकडून त्याला कसलीच अपेक्षा नसते.

त्या सतरा वर्षांच्या मुलासाठी आम्ही तेच केलं. चौघांनी परवानगी देऊन चार मिनिटं मनमोकळ्या गप्पा मारल्या, मी चित्रण केलं. मग तो एकटा बसून थांबवत-थांबवत बघत गेला आणि ‘इथे शिरता आलं असतं’ अशा जागा लिहीत गेला. अकरा निघाल्या. त्यांतल्या एकाही जागी कुणी गप्प नव्हतं. माझ्या तीन तासांच्या समजावण्याने जे झालं नव्हतं, ते थांबवायच्या बटणाने केलं. एक पथ्य: मुलाचं स्वतःचं चित्रण त्याला दाखवायचं असेल, तर जमलेले तुकडेच जोडून दाखवा. आणि त्याने ‘पुसून टाक’ म्हटलं की तिथल्या तिथे पुसा.

चॅटिंग हे तर स्वतंत्र कौशल्य आहे, आणि काहींसाठी समोरासमोर बोलण्यापेक्षा ते सोपं आहे. विचार करायला वेळ मिळतो, चेहरे वाचावे लागत नाहीत. ‘खरी मैत्री’ नाही म्हणून हिणवू नका. शिकवण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, म्हणजे राग नव्हे. ग्रुपवरचा विनोद त्याच ग्रुपवर ठेवायचा. स्क्रीनशॉट विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. नुसतं ‘बरं’ आलं तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात आणि कोणता ते विचारता येतं.

आभासी वास्तवाचं (व्हीआर) नाव मोठं आहे. २०१३ मध्ये डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठात ८ ऑटिस्टिक तरुणांनी ५ आठवड्यांत १० सत्रं आभासी जगात घेतली. नोकरीची मुलाखत, खोलीतल्या साथीदाराशी वाद, नव्या माणसाशी ओळख असे प्रसंग होते. भावना ओळखण्यात सुधारणा दिसली. आठ माणसं म्हणजे फार नव्हेत, पण मुलाखतीसारख्या, एकदाच येणाऱ्या आणि जिवावर येणाऱ्या प्रसंगाची दहा वेळा तालीम करता येते, ही सोय खरी आहे. चेहऱ्यावरची भावना ओळखून सांगणाऱ्या चष्म्याचा प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ७१ मुलांवर केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. निकाल आशादायक होते, पण ती मुलं ६ ते १२ वर्षांची होती. यंत्रमानवांचे बरेच प्रयोगही लहानांवरचे आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला बाहुला देऊन बघा, म्हणजे कळेल.

खेळांबद्दल मी जास्त उत्साही आहे. माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधकाम करायच्या व्हिडिओ गेममध्ये २०१३ पासून ‘ऑटक्राफ्ट’ नावाचं एक जग चालू आहे, ऑटिस्टिक मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी. नाव नोंदवून परवानगी मिळाल्याशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे त्रास देणारे बाहेर राहतात. तिथे कुणी ‘सामाजिक कौशल्य’ शिकवत नाही. दोघांना मिळून एक किल्ला बांधायचा असतो आणि बोलल्याशिवाय तो उभा राहत नाही.

राहिला एआय चॅटबॉट. मसुद्याला उत्तम आहे. “हा मेसेज उद्धट वाटतो का? जरा मऊ करून दे,” असं विचारता येतं, मुलाखतीचे प्रश्न विचारायला सांगता येतं. पण त्याच्याशी गप्पांचा सराव करणाऱ्याला एक चुकीची सवय लागू शकते: तो कंटाळत नाही. तुम्ही दोन तास आगगाड्यांबद्दल बोला, तो म्हणेल, वा, किती छान! त्यामुळे मी मुलांना त्याला आधीच बजावायला सांगतो, “तू घाईत असलेला वर्गमित्र आहेस. एका ओळीत उत्तर दे. कंटाळलास की विषय बदल.” आणि आपलं नाव, पत्ता, फोटो, घरातल्या गोष्टी तिथे लिहायच्या नाहीत.

पायरी ५: खोलीबाहेर

शाळांमधल्या अशा उपक्रमांवरच्या ५५ अभ्यासांचा २००७ मध्ये आढावा घेतला गेला. मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन शिकवण्यापेक्षा त्यांच्या नेहमीच्या वर्गात शिकवलेलं जास्त टिकलं आणि इतर जागी जास्त उतरलं. म्हणून खोलीतला वेळ कमी करत जा. पहिल्या आठवड्यात खोलीत, दुसऱ्यात तेच कॉरिडॉरमध्ये एका ओळखीच्या मुलासोबत, तिसऱ्यात सुट्टीत. दर वेळी एकच गोष्ट बदला: जागा, किंवा माणूस, किंवा वेळ. तिन्ही एकदम बदलून ‘जमत नाही’ असं ठरवू नका.

गृहपाठ मोजता येईल असाच द्या. ‘बोलून बघ’ नको, ‘गुरुवारी एकदा, एका वाक्यापुरतं’ असा हवा. ‘पीअर्स’मध्ये मुलांचा वर्ग चालू असताना पालक दुसऱ्या खोलीत तेच शिकत असतात. त्याचं कारण हेच, की गुरुवारी तुम्ही तिथे नसता.

आणि वर्गमित्रांना शिकवा. २०१२ मध्ये ६० ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या अभ्यासात मुलाला एकट्याला शिकवण्यापेक्षा त्याच्या वर्गातल्या काही मुलांना ‘एकट्या पडलेल्याला सोबत कसं घ्यायचं’ हे शिकवणं जास्त उपयोगी ठरलं होतं. कुणाचंही निदान न सांगता हे करता येतं. मी दोघा-तिघांना एवढंच सांगतो: हाक मारा, प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा, आणि टोमणा मारून अर्थ काढायला लावू नका.

नकाराचा सराव

हे खरं तर सर्वांत आधी यायला हवं होतं. ज्याला वर्षानुवर्षं ‘मोठ्यांचं ऐक, सगळ्यांशी गोड वाग’ एवढंच शिकवलंय, त्याला फसवणं सोपं जातं. मित्र म्हणवणारा दर वेळी पैसे मागतो, ऑनलाइन ओळखीचा फोटो मागतो, ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो. ही तीन वाक्यं यादीत लिहा आणि त्यांपुढे ज्याला सांगायचं त्या मोठ्या माणसाचं नाव. ‘नाही’ म्हणण्याचा सराव तुमच्यावरच करू द्या. मी सत्रात मुद्दाम चुकीची मागणी करतो, “तुझा पासवर्ड सांग बघू,” आणि नकार येईपर्यंत वेगवेगळ्या मिषांनी मागत राहतो. नकार आला की आभार मानतो.

ज्या दिवशी तो कोसळेल, रडेल, कान झाकून बसेल किंवा शब्दच बंद होतील, त्या दिवशी काहीही शिकवू नका. आवाज कमी, दिवे कमी, माणसं कमी. त्यावर बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही त्याची तयारी असेल तर.

प्रगती मोजायला मी एक साधा तक्ता ठेवतो. किती वेळा प्रयत्न केला हे एका रकान्यात, आणि त्यानंतर किती थकवा आला, एक ते पाच, हे दुसऱ्यात. दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा. प्रयत्न वाढतायत आणि थकवा पाचवरच अडकलाय, तर वेग कमी करा किंवा ते कौशल्यच सोडा.

त्या मुलाच्या तक्त्यात आता आठवड्यातले दोन दिवस भरलेले असतात, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी तो घोळक्यात उभा असतो, थोडा कडेला. बाकीच्या दिवसांचं विचारलं तेव्हा म्हणाला, “ते दिवस पुस्तकाचे आहेत.” आम्ही ते रकाने खोडून टाकले.